गेटबाहेर थांबलेल्यांसाठी

टिपेश्वरला येऊन गेलेल्या माणसाला सुन्ना गेट आठवतं, वाघ दिसला असेल तर पाणवठाही आठवतो. गेटसमोरचं पार्किंग मात्र कोणालाच आठवत नाही. पहाटेच्या अंधारात हैदराबाद, आदिलाबाद, नागपूरच्या गाड्या इथे येऊन लागतात. माणसं मफलर सावरत उतरतात, ओळखपत्र दाखवून जिप्सीत बसतात आणि ऊन वर आलं की धूळ झटकत परत येतात. मी इथला गाइड. माझा रोज फेरीवर ठरतो, म्हणजे कामाची जागा आत, जंगलात. पण नंबर लागला नाही की सकाळ पार्किंगमध्येच जाते, आणि या कामात मला जे उमगलं त्यातलं निम्म्याहून जास्त तिथेच उमगलं.

नागपूर–हैदराबाद हा जुना सात नंबरचा रस्ता, आताचा ४४. पांढरकवडा सोडून पाटणबोरीच्या बाजूला निघालं की सुन्न्याकडे वळायचं. तसंच सरळ गेलं तर पैनगंगा आणि पलीकडे तेलंगणा. १९९७ साली जाहीर झालेलं हे अभयारण्य १४८ चौरस किलोमीटरचं आहे; व्याघ्र प्रकल्पांच्या मानाने लहानच. साग सगळीकडे, मधे मोह, तेंदू, ऐन, धावडा, नाल्याकाठी बांबू. माथनी आणि कोदोरी अशी आणखीही गेटं आहेत, पण महामार्गामुळे गर्दी सुन्न्याला. जंगल संपतं तिथे तारेचं कुंपण नाही. झाडी विरळ होत जाते आणि कोणाची तरी पऱ्हाटी सुरू होते, तिच्यात तुरीच्या ओळी, मग धुऱ्यावरची बोर-बाभळ, मग गाव. वाघालाही ही वाट तशीच उघडी आहे.

सगळे आत गेले की पार्किंगमध्ये ठरावीक माणसं उरतात. गाड्यांचे ड्रायव्हर. कंबरदुखीमुळे जिप्सीचे धक्के सोसणार नाहीत असे आजी-आजोबा. तान्हं मूल मांडीवर घेऊन बसलेली एखादी सून. बुकिंगमध्ये नाव राहून गेलेला एखादा पाहुणा. पुढचे तीन-चार तास काय करायचं हे यांना कोणी सांगितलेलं नसतं. चहा होतो, मोबाइलला रेंज नीट नसते, आणि मग ते आम्हाला विचारतात, "इथं जवळपास पाहायला काय आहे, भाऊ?"

सुरुवातीला आम्ही सगळेच गाइड एकच उत्तर देत होतो, की जंगलच आहे, बाकी काय. इथे जन्मलो, शेती केली, ढोरं राखली, तरी आपल्या गावात पाहुण्याने पाहण्यासारखं काही असेल असं मनात येत नसे. आम्हाला प्रशिक्षण मिळालं ते झाडं, पक्षी आणि पगमार्कचं. वानर वरून खकारलं, चितळाचा कॉल आला, सांबराने एकदाच टाप मारली, यातला फरक मी झोपेतही सांगेन. केळापूरच्या देवळाबद्दल, कोलामपोडांबद्दल, उमरीच्या मिशनबद्दल सांगायला आम्हाला कोणी शिकवलं नाही. ते पार्किंगमधल्या माणसांच्या प्रश्नांनी शिकवलं.

आजी-आजोबांचं उत्तर लवकर सापडलं. केळापूरची जगदंबा. तालुक्याचं नाव आजही केळापूर आहे, कचेरी मात्र पांढरकवड्यात. महामार्गालगतच असल्याने गाडी सहज जाते. नवरात्रात इथे आजूबाजूच्या जिल्ह्यांतून आणि तेलंगणातून माणसं लोटतात, तेव्हा तिथल्या रांगेत मराठीइतकीच तेलुगू कानावर पडते. आदिलाबादकडची म्हातारी माणसं तर मला सांगतात की लहानपणी बैलगाडीने इथे आलो होतो. एरवी देऊळ शांत असतं. हातपाय धुऊन, ओटी भरून, पारावर टेकून ही मंडळी परत येतात तेव्हा त्यांचा चेहरा जिप्सीतून उतरणाऱ्यांपेक्षा जास्त समाधानी असतो. इतिहासाची आवड असलेल्या एका निवृत्त गुरुजींनी मला विचारलं होतं की दुसऱ्या बाजीरावाची शेवटची मोठी लढाई इथेच कुठेतरी झाली ना. तेव्हापासून मी तेही सांगतो. १८१८ च्या एप्रिलमध्ये कर्नल अ‍ॅडम्सच्या फौजेने पेशव्यांना पांढरकवड्याच्या परिसरात गाठून मोडलं आणि जूनमध्ये बाजीराव इंग्रजांच्या स्वाधीन झाला. शनिवारवाड्याच्या गोष्टी शाळेच्या पुस्तकात होत्या. त्या गोष्टीचा शेवट आमच्या शिवारात झाला हे मला शाळेत कळायला हवं होतं.

ड्रायव्हरांचं उत्तर मात्र एका माणसाने शोधायला लावलं. तेलंगणातल्या मेदकचा होता. कुटुंबाला घेऊन आलेला, सकाळ-संध्याकाळ दोन्ही फेऱ्यांचं बुकिंग. रविवार होता. सगळे आत गेल्यावर त्याने गाडी पुसली, काचेला फडकं मारलं, मग स्वतःचे बूट काढून त्याच फडक्याच्या कोरड्या टोकाने घासले. डॅशबोर्डच्या खणातून काळ्या पुठ्ठ्याचं तेलुगू बायबल काढलं आणि मोडक्या हिंदीत विचारलं, इथे चर्च कुठे आहे? मी म्हटलं, उमरीला. तो म्हणाला, आज उपासना मिळेल का?

मालकाची गाडी न्यायची नाही असा त्याचा दंडक होता, म्हणून पाहुणे परत येऊन विश्रांतीला गेल्यावर त्याला माझ्या मोटारसायकलवर मागे बसवलं. पांढरकवड्यावरून यवतमाळच्या रस्त्याला लागलं की उमरी लागते. आमच्या भागात उमरी म्हटलं की जुन्या माणसांच्या तोंडी मिशनचा दवाखाना येतो. अडलेली बाळंतीण, साप चावलेला गडी, बैलगाडीतून रात्रीतून उमरीला नेल्याच्या कथा मी घरातच ऐकत वाढलो. कोणत्या जातीचा, कोणत्या देवाचा, हे तिथे विचारत नसत, एवढं त्या कथांमध्ये हमखास असे. दवाखाना माहीत, पण त्या दारावरून आणखी पुढे जाऊन प्रार्थना कुठे होते हे मी कधी पाहिलं नव्हतं.

आम्ही पोचलो तेव्हा उपासना सुरू झालेली होती. दाराबाहेर चपलांचा ढीग. त्यात शेतातल्या चिखलाच्याही होत्या. आत बायका एका अंगाला, पुरुष एका अंगाला. कपाळावर कुंकू नाही एवढा फरक सोडला तर लुगडी, पदर, मांडीवरची पोरं, सगळं आमच्या कीर्तनासारखं. माझ्या शेजारच्या काकाजींनी 'उपासना संगीत' उघडून माझ्या हातात दिलं. मराठी ख्रिस्ती मंडळींचं हे गीतांचं पुस्तक. नारायण वामन टिळकांची पदं त्यात आहेत, त्यामुळे पुष्कळ चाली आपल्या अभंगाच्या वळणाच्या. पण तेव्हा जे गीत चाललं होतं ते विलायती चालीचं होतं, आणि मेदकच्या त्या माणसाला ती चाल पाठ होती. त्याने डोळे मिटले आणि तेलुगूत गायला लागला. पुढच्या ओळीतल्या दोन बाया वळून पाहायला लागल्या. एकीने आपल्या पोराला हळूच काहीतरी सांगितलं, आणि ते पोरगं पूर्ण गीतभर त्या पाहुण्याच्या ओठांकडे पाहत उभं राहिलं. मराठी आणि तेलुगू शब्द एकाच चालीत एकमेकांवर पडत होते आणि कोणाचंही अडत नव्हतं.

परतीच्या वाटेवर तो त्याच्या गावच्या चर्चबद्दल बोलत होता. मेदकचं कॅथेड्रल १९२४ च्या नाताळात उघडलं. चार्ल्स वॉकर पॉसनेट या इंग्रज मिशनऱ्याने ते बांधून घेतलं, तेही दुष्काळात भुकेल्या माणसांना काम आणि त्या बदल्यात अन्न देऊन. त्याच्या आज्याने तिथे दगड वाहिले होते, असं तो म्हणाला, आणि हे सांगताना मागच्या सीटवर ताठ बसला असावा, कारण गाडी किंचित डुलली.

त्या दिवसानंतर मी आमच्या बाजूची हकिगत नीट विचारत गेलो. अर्नेस्ट आणि फीबी वॉर्ड हे अमेरिकन जोडपं १८८१ मध्ये भारतात आलं, ते आधी बुऱ्हाणपूरला राहिलं. फ्री मेथडिस्ट मिशनचं वऱ्हाडातलं काम तिथून पुढे पसरत यवतमाळपर्यंत आलं. तेव्हा या जिल्ह्याचं नाव वूनच होतं. यवतमाळ जिल्हा हे नाव १९०५ चं. मधल्या काळात १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ पाठोपाठ पडले. त्या दुष्काळांनी वऱ्हाड आणि मध्य प्रांत खरडून काढला आणि मागे राहिलेल्या अनाथ पोरांपैकी कितीतरी मिशनांच्या आश्रमांत वाढली. म्हणजे मेदकच्या चर्चच्या आणि आमच्याकडच्या मिशनांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, पाऊस न पडणं. यवतमाळ शहरात पुढे १९५३ साली युनियन बिब्लिकल सेमिनरी उभी राहिली. देशभरातले, बाहेरच्या देशांतलेही विद्यार्थी धर्मशास्त्र शिकायला यवतमाळला येत. १९८३ मध्ये ती पुण्याला गेली. आज यवतमाळचं नाव घेतलं की बाहेरच्या माणसाला कापूस आठवतो आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्या आठवतात. कधीकाळी लोक या गावी शिकायला येत होते हे कोणी सांगितलं तर मला बरं वाटतं, म्हणून मी ते सांगतो.

आता हैदराबादकडचा ड्रायव्हर रविवारी दिसला की मी आपणहून विचारतो. काही जण जातात. जे जात नाहीत त्यांना पोडावर नेतो.

पोड म्हणजे कोलामांची वस्ती. यवतमाळ जिल्ह्यात आणि पलीकडे आदिलाबादेत कोलाम पिढ्यानपिढ्या आहेत. सरकारी यादीत ते विशेष असुरक्षित आदिवासी गटात मोडतात. त्यांची कोलामी बोली मराठीपेक्षा तेलुगूच्या कुळाला जवळची, त्यामुळे तेलंगणाचा ड्रायव्हर एखादा शब्द ओळखतो आणि दोघंही हसतात. बांबूचं काम यांच्या हातात आहे. एका ओट्यावर बसलेल्या बुढ्याला टोपली विणताना मी पाहुण्यांना दाखवतो. तो बांबूची कांब आधी पायाच्या अंगठ्यात धरतो, विळ्याचं पातं तिच्यात अलगद घालतो आणि मग विळा न हलवता कांबच स्वतःकडे ओढतो. पापुद्र्यासारखी पट्टी निघत जाते, एका जाडीची, शेवटपर्यंत. पट्टी तुटली तर तो कांबेला दोष देत नाही, ओली कांब कोणत्या महिन्यात तोडली ते विचारतो. पलीकडचे राजगोंड आपल्या गावदेवांच्या पूजेला कोलामाला बोलावत आले आहेत, कारण या जमिनीच्या देवांशी बोलायचा मान आधी कोलामाचा, असं मानलं जातं. राज्याची हद्द पैनगंगेवर आहे. देवांच्या बाबतीत ती कोणी पाळलेली नाही.

इथे मी पाहुण्यांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. पोड हे प्राणिसंग्रहालय नाही. विचारल्याशिवाय फोटो नाही, पोरांच्या हातात पैसे नाहीत, टोपली आवडली तर सांगेल त्या भावाने घ्यायची. बहुतेक जण ऐकतात. एकाने घासाघीस केली तेव्हा मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, गेटवर जिप्सीच्या भाड्यात तुम्ही एक रुपया कमी केला नाही, मग इथेच का? त्याने पुरते पैसे दिले.

पण सगळ्यात अवघड प्रश्न मला पाहुण्याने नाही, एका म्हाताऱ्या मायने विचारला. अभयारण्याला नाव मिळालं ते टिपाई देवीवरून, आणि देवीचं ठाणं आजही आत आहे. टिपेश्वर आणि मारेगाव (वन) ही गावंही आतच होती. त्यांचं पुनर्वसन झालं, घरं उठली, आणि गावठाणाच्या जागी आता गवत आहे. चितळांचे कळप त्या गवतावर येतात, त्यांच्या मागे वाघ येतो, म्हणून जिप्स्या तिथे हमखास थांबतात. मी तिथे पाहुण्यांना हळू आवाजात सांगत असे, "हे कुरण. सकाळी इथे थांबलं तर चान्स चांगला." ती माय देवीला आली होती, परत जाताना पार्किंगच्या कडेला टेकली. मी गाइड आहे कळल्यावर म्हणाली,

"रोज जातेस तू आतमधी. आमचं घर दिसते का रे तुले?"

"कोठं होतं, माय?"

"चिंचेच्या खालतं. दोन चिंचा होत्या, थोरली अन् धाकटी. धाकटीच्या खाली आमची चूल."

चिंच मला माहीत होती. तिच्याखाली मी कितीतरी वेळा गाडी उभी करायला लावली होती, सावलीसाठी. मी तिला सांगितलं, चिंच आहे, धाकटीही आहे, दोन्ही फुलतात. ती म्हणाली, "मंग चितळं चिचा खात असतीन. खाऊ दे." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. नवीन जागी दवाखाना जवळ आहे, नातवाची शाळा आहे, रात्री भीती नाही, हे तिने आपणहून सांगितलं. तरी घर दिसतं का, हे तिला विचारायचं होतं.

त्यानंतर त्या कुरणावर मी पाहुण्यांना गावाचं नाव सांगतो. इथे टिपेश्वर गाव होतं, ही चूल होती, ही विहीर. जिप्सीत क्षणभर कोणी बोलत नाही, मग कोणीतरी विचारतं की ती माणसं कुठे गेली, आणि मी सांगतो. काही सहकाऱ्यांना हे आवडत नाही. पाहुणा सुट्टीवर आलाय, त्याचं मन कशाला जड करायचं, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटत नाही. ज्या कुटुंबाने चूल उचलली म्हणून आपल्याला वाघ दिसतो, त्या कुटुंबाचं नाव नाही तर गावाचं नाव तरी पाहुण्याने सोबत न्यायला हवं.

आणि जे अजून कडेला राहतात त्यांचं काय, हा प्रश्न तर रोजचा. पाहुणे पार्किंगमध्ये हमखास विचारतात, अवनी इथलीच का? नाही. अवनी, म्हणजे वन खात्याची टी-१, अभयारण्याबाहेरच्या पांढरकवडा–राळेगावच्या झाडीत आणि शेतशिवारात वावरत होती. तिच्यावर १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव तालुक्यात बोराटीजवळ तिला गोळी घातली गेली, आणि मागे दोन बछडे राहिले. देशभर वाद पेटला. मुंबई-दिल्लीची माणसं तिच्यासाठी रस्त्यावर आली. ते मला समजतं, वाघीण मेल्याचं दुःख मलाही आहे. पण त्या महिन्यांत कापूस वेचायला बायका एकट्या वावरात जात नव्हत्या, गायकी ढोरं घेऊन दुपारीच परतत होते, ते दूरच्या माणसाला दिसलं नाही. जागलीला माळ्यावर बसणारा शेतकरी रोही आणि रानडुकरं हाकायला बसतो. त्याच अंधारात वाघ फिरतो. डुकरासाठी लावलेला तारेचा फास वाघाच्या गळ्यात अडकतो तेव्हा आम्ही गाइड हळहळतो, आणि फास लावणं गुन्हाच आहे, त्याची तरफदारी करणार नाही. पण पिकाचा पंचनामा वेळेवर झाला, नुकसानीचे पैसे पेरणीच्या आधी हातात पडले, तर फास कमी होतील, हे मी गावात बसून पाहिलेलं आहे.

टिपेश्वरात जन्मलेला एक तरणा वाघ रेडिओ कॉलर लावून २०१९ च्या जूनमध्ये बाहेर पडला, तो आदिलाबादेत उतरला, परत महाराष्ट्रात आला आणि डिसेंबरपर्यंत १३०० किलोमीटरहून जास्त चालून बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. बरीचशी वाट शेतांतून, रात्रीची. पाहुण्यांना मी ही गोष्ट सांगतो तेव्हा ते वाघाच्या चालण्याचं कौतुक करतात, आणि ते व्हायलाच हवं. मी त्यांना एवढंच विचारतो की या वाटेवर किती गावांच्या शिवारातून तो गेला असेल, आणि त्या गावांनी त्याला जाऊ दिलं ना?

पावसाळ्यात गेट बंद असतं. तेव्हा मी सोयाबीन आणि पऱ्हाटी पाहतो आणि एका मोठ्या कागदावर नकाशा काढत बसतो. मधे जंगल, भोवती गावं: सुन्ना, माथनी, कोदोरी, पाटणबोरी, केळापूर, उमरी, पोडं वेगळ्या रंगाने, देवळाला एक खूण, चर्चला एक, दर्ग्याला एक, आणि आतल्या उठलेल्या दोन गावांची नावं जिथे होती तिथेच. हा कागद पार्किंगमधल्या चहाच्या टपरीवर लावू द्या असा अर्ज मी केला आहे. अजून उत्तर आलेलं नाही. तोवर पोडावरची दोन पोरं ऑक्टोबरात गाइडच्या प्रशिक्षणाला यायची आहेत. पक्षी त्यांना माझ्यापेक्षा जास्त येतात, म्हणून त्यांच्याकडून मी सध्या गावांची नावं पाठ करून घेतो, आणि चुकलेली त्यांच्या आजीकडून दुरुस्त करून घेतो.